पंगतीत शेजारी बसवणारे राव सर

राव सर पहिल्यांदा माझ्या दुकानाचा जिना चढून आले, तेव्हा मला वाटलं कुठल्या तरी ऑफिसातून तपासणीला आलेत. इकडची पांढरी लुंगी, म्हणजे वेष्टी, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि नाकाला रुमाल. चेन्नईत जॉर्ज टाउनच्या आमच्या गल्लीत असली माणसं कामाशिवाय येत नाहीत, आणि त्यांचं काम म्हणजे आमची डोकेदुखी. मी जागचा उठलोही नाही. तमिळमध्ये विचारलं, काय पाहिजे? त्यांनी भिंतीवरचं आमच्या गावच्या यात्रेचं कॅलेंडर बघितलं आणि सरळ मराठीत बोलले, "आधी मज पाणी द्या. मग बोलूं."

असली मराठी मी लहानपणी कीर्तनात ऐकली होती, त्यानंतर नाही. राव सर तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. इथं म्हणायचं तर ते 'हिंगा' म्हणतात, तिथं म्हणायचं तर 'तिंगा', आणि वाक्याचं शेपूट तमिळ माणसासारखं वर उचलतात. मी सांगलीकडचा. आम्ही दोघंही मराठी, पण त्या दिवशी एकमेकांचं निम्मंच कळलं. राहिलेलं तमिळमध्ये भागवलं.

माझा धंदा गलाईचा. म्हणजे जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ अ‍ॅसिडात काढायची आणि चोख सोनं सोनाराला परत द्यायचं. अ‍ॅसिड ओतलं की तांबडा-पिवळा धूर निघतो. तो नाकात गेला की माणूस खोकत खोकत जिना उतरतो. राव सरांनी रुमाल धरला होता तो त्याच्यासाठीच.

पाणी पिऊन त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "ही चिमणी कोणी बांधली?"

"मीच."

"इतकी उंच?"

"धूर वर जावा म्हणून."

"जातो?"

जात नव्हता. आम्हा गलाईवाल्यांची सगळ्यांची एकच समजूत. धूर त्रास देतोय? चिमणी वाढवा. पत्रा अ‍ॅसिडनं खाल्ला? नवा घाला, आणखी उंच करा. मी वाढवत गेलो आणि धूर परत खाली येत गेला. वरच्या मजल्यावर वह्यांचं गोदाम होतं, तिथल्या कोऱ्या वह्या पिवळ्या पडायला लागल्या. गोदामवाल्यानं घरमालकाकडे तक्रार केली आणि घरमालकानं मला सांगून टाकलं, दिवाळीनंतर जागा सोडा. जॉर्ज टाउनमधून उठलेल्या गलाईवाल्याला दुसरी जागा कोण देतो? धंदा गुंडाळून गावी जायचं, एवढंच राहिलं होतं.

राव सरांनी विचारलं, "तुम्हास यंदा काय अडलं आहे?" ओळख ना पाळख, आणि असा प्रश्न. मी वैतागलेलो होतो, सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. उपाय सांगितला नाही. हळहळलेही नाहीत. तमिळमध्ये 'बरं' म्हणतात तसं म्हणाले, "सरी. पुढल्या महिन्यास आमची परिषद आहे. या."

मी हसलो. "मी सातवी शिकलेला माणूस. तुमच्या परिषदेत येऊन काय करू?"

"जेवा," ते म्हणाले आणि गेले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. राव सरांनी पॉलिटेक्निकमध्ये जन्मभर धातू आणि रसायन शिकवलं. त्यांचे विद्यार्थी चेन्नईच्या प्रत्येक कारखान्यात आहेत. शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आलं की एन्नोरच्या प्लँटमधला माणूस, अंबत्तूरचा प्लेटिंगवाला, कॉलेजातला मास्तर आणि जॉर्ज टाउनचा गलाईवाला, सगळे एकाच आगीशी आणि एकाच अ‍ॅसिडशी झगडतात, आणि एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. म्हणून त्यांनी ही परिषद सुरू केली. वर्षातून एकदा, एग्मोरजवळच्या लग्नाच्या हॉलमध्ये.

तर मी गेलो. सकाळी भाषणं. इंग्रजीत, पडद्यावर आलेख दाखवत. मी मागच्या खुर्चीवर छान झोप काढली. दुपारी जेवायला उठलो तर हॉलच्या दाराशी राव सर स्वतः उभे. आत केळीच्या पानांच्या रांगा मांडलेल्या. मी ओळखीच्या एका सोनाराशेजारी बसायला निघालो. राव सरांनी माझं कोपर धरलं. "तिंगा नाही. हिंगा बसा." आणि मला एका अनोळखी काळ्या-सावळ्या दणकट माणसाशेजारी नेऊन बसवलं. कोण, कुठला, काही सांगितलं नाही. वळले आणि दुसऱ्याचं कोपर धरायला गेले.

मी मुकाट्यानं भात कालवायला लागलो. शेजारचा माणूस माझ्या पानाकडे बघत होता. पानाकडे नाही, बोटांकडे.

"काय सेट्टु," इकडं शेठजीला म्हणतात तसं तो तमिळमध्ये म्हणाला, "हळद खेळून आलात?"

"हळद कसली. अ‍ॅसिड आहे ते."

"ते कळलं हो. माझी पण अशीच होती." त्यानं आपला हात पुढं केला. बोटं स्वच्छ.

मी विचारलं, "होती म्हणजे? मग गेली कशी?"

"आधी सांबार घ्या. सांगतो."

त्याचं नाव सेल्वम. एन्नोरच्या एका कारखान्यात अ‍ॅसिडच्या विभागात फोरमन. मी त्याला चिमणीचं सांगितलं तर तो असा हसला की समोरच्या रांगेतले लोक बघायला लागले. "अय्यो, सेट्टु! हा धूर हवेपेक्षा जड. तुम्ही त्याला वर ढकलताय आणि तो खाली येतोय, त्याची काय चूक? त्याला वर पाठवू नका. पाण्यात बुडवा. मग बोटंही उजळतील." तोवर रसम आलं होतं. त्यानं रसमात बोट बुडवून पानाच्या कोऱ्या बाजूला चित्र काढलं. उभा पिंप, वरून पाण्याचा शॉवर, पाण्यात कॉस्टिक सोडा, खालून धूर आत. पाइप प्लास्टिकचा, लोखंडाचा अजिबात नाही. पंखा सगळ्यात शेवटी, धूर धुऊन निघाल्यावर. आमचा एकही पंखा का टिकत नव्हता ते मला तिथं कळलं. आम्ही तो सगळ्यात आधी लावत होतो.

तेवढ्यात वाढपी पायसम घेऊन आला आणि नेमका त्या चित्रावर ओतायला लागला. मी दोन्ही हात आडवे धरले. सेल्वम म्हणाला, "सेट्टु, पायसम सोडू नका. चित्र मी परत काढून देईन." रविवारी तो खरंच एन्नोरहून बस पकडून आला, जिना चढला आणि भिंतीवर कोळशानं तेच चित्र काढलं. पिंप बसवायला, पाइप जोडायला तो स्वतः उभा राहिला. दिवाळीच्या आधी घरमालक बघायला आले. जिन्यात रुमाल काढून उभे राहिले, दोन-तीनदा हुंगलं, आणि रुमाल परत खिशात घातला. माझं दुकान आजही तिथंच आहे. सेल्वमची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा मांडवात पुढच्या रांगेत मी होतो.

नंतर मी राव सरांना विचारलं, "तुम्ही रसायनाचे मास्तर. हा उपाय तुम्हाला ठाऊक नव्हता का?"

"ठाऊक होता."

"मग त्याच दिवशी सांगायचा."

"मी सांगितला असता तर तुम्ही 'हो सर' म्हणाला असता आणि तसेच बसला असता. अ‍ॅसिडानं माझं वस्त्र कधी फाटलं नाही, हणमंतराव. तुम्ही माझं का ऐकावं? सेल्वमचं फाटलेलं आहे."

राव सरांचं सगळं काम या एका उत्तरात आलं. परिषदेच्या आधी महिनाभर ते गावभर फिरायचे. कारखाने, दुकानं, प्रयोगशाळा. प्रत्येकाला तोच प्रश्न, यंदा काय अडलंय? काही लिहून घेणं नाही, सगळं डोक्यात. आणि परिषदेच्या दिवशी दाराशी उभं राहून अडलेल्या माणसाला सुटलेल्या माणसाशेजारी बसवायचं. का बसवलं ते सांगायचं नाही. वाढप्यांना आधीच ताकीद असायची, हात सावकाश चालवा, रसम उशिरा आणा. पंगत एकदम उठते, शेजारच्याचं होईपर्यंत तुम्हाला उठता येत नाही. मग बोलणार नाही तर काय करणार? माझ्यासारखी कितीतरी माणसं त्या पानांवर सावरली. एकानंही राव सरांचे आभार मानले नसतील, कारण प्रत्येकाला वाटलं, बरा योगायोगानं भेटला हा!

पाहुण्यांचंही तेच. एका वर्षी एक मोठे अधिकारी आले होते. त्यांच्यासाठी कोणीतरी आत टेबल-खुर्ची, काटे-चमचे मांडले. ते विचारतात, "मी कुठं बसू?" राव सरांनी त्यांचंही कोपर धरलं. "हिंगा." आणि अंबत्तूरच्या एका प्लेटिंगवाल्याशेजारी बसवलं. साहेबांचा चेहरा आधी आंबला. पण नंतर त्या दोघांचं असं जमलं की हॉलवाल्यानं पंखे बंद केले तरी उठेनात. राव सरांना मोठा-लहान कळत नाही असं नाही. त्यांना ते पंगतीत चालत नाही, एवढंच.

माणुसकीचं म्हणाल तर एकच सांगतो. माझी आई गेली तेव्हा मला एकाएकी गावी जावं लागलं. परत आलो तर दुकान उघडं. राव सर माझ्या खुर्चीत वेष्टी सावरून बसलेले. भट्टी बंद होती, पण गिऱ्हाइकांनी कुलूप बघून दुसरीकडे जाऊ नये म्हणून हे गृहस्थ रोज येऊन बसत होते. आलेल्याला सांगत, मालक गावी गेलेत, हिंगा बसा, कॉफी घ्या. बरं, नुसतं बसवून थांबतील तर ते राव सर कसले! दोन सोनारांची माझ्या दुकानात गाठ घालून दिली. ते दोघं आता भागीदार आहेत. मी म्हटलं, "सर, माझ्या आईच्या दुखवट्यातसुद्धा तुम्ही परिषद भरवलीत." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या मातोश्री असत्या तर त्यांनीही आलेल्यास बसवलंच असतं." मला तिथं रडू आलं. गावी आलं नव्हतं.

मग महामारी आली. हॉल बंद. परिषदेच्या कमिटीत पुढं मीही आलो. त्याच कमिटीत निखिल आहे, पुण्याचा, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत. त्याची कंपनी कारखान्यांसाठी काम करते म्हणून तो आमच्यात आला. त्या पोरानं परिषद कॉम्प्युटरवर चालवली, नाहीतर ती मेलीच असती. हे श्रेय त्याचं आहे, मी कापून घेणार नाही. पण महामारी गेली तरी पडदा जाईना. निखिलनं कमिटीत ठराव मांडला, आता कायमचं असंच करू. हॉल नको, जेवण नको, कोइम्बतूरची माणसं घरबसल्या येतात, लहान मुलं असलेल्या बायका येतात, त्रास कुणालाच नाही. बरेच जण माना डोलावत होते. पंगत तिथंच संपत होती.

मला राहवेना. "निखिल, पडद्यावर बोटं दिसतात काय रे?"

"बोटं? कसली बोटं, काका?"

"माझी. पिवळी." आणि मी सेल्वमची गोष्ट सांगितली. सगळे ऐकत होते. निखिल म्हणाला, "काका, गोष्ट भारी आहे. पण तेव्हा तुम्ही हात वर करून प्रश्न विचारला असता, तर पडद्यावरही कोणीतरी उत्तर दिलंच असतं."

मग राव सर बोलले. "निखिल, पडद्यावर इतकी माणसं जमली. माझं दुकान बंद पडत आहे, असं कोणी म्हणालं?"

निखिलनं थोडा विचार केला. पोरगा खोटं बोलत नाही. "नाही सर. तसं कोणीच काही म्हणालं नाही."

"म्हणणार नाहीत. सभेत कोण म्हणेल? रसम येतां येतां शेजारच्यास म्हणेल. भाषणं तुम्ही पडद्यावर ठेवा, दूरच्यांस ती हवीत, तुमचं म्हणणं खरं आहे. मज भाषणांचं काही नाही. पंगत मज द्या."

ठराव बदलला. भाषणं पडद्यावरही, पंगत हॉलमध्येच. सगळ्यात आधी हात निखिलनं वर केला. मला त्या दिवशी दोघांचाही अभिमान वाटला.

पण खरी अडचण पुढंच होती. राव सरांचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिने बंद केले. जॉर्ज टाउनमध्ये जिना नाही असं एक दुकान दाखवा! मागच्या परिषदेच्या आधी त्यांनी सगळ्यांना घरून फोन केले. मलाही केला. आणि हॉलवर सकाळी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हणमंतराव, फोनवर असके जण म्हणतात, सगळं बरं आहे. यंदा मजपाशी कोणाचं काहीच नाही. कोणास कुठं बसवूं?"

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा मी ऐकला नव्हता. दुपारी ते काठी टेकून दाराशी उभे राहिले. निखिलनं खुर्ची आणून ठेवली, तिच्यावर बसले नाहीत. माणसं येत होती, सर कोपर धरत होते, पण धरल्यावर हात घटकाभर थांबत होता. मी पानावर बसून बघत होतो. ठराव जिंकून पंगत वाचली होती खरी, पण हा थांबणारा हात असाच राहिला तर वर्ष-दोन वर्षांत ती नुसतं लग्नाचं जेवण होऊन जाणार होती.

मी उठलो. राव सर नेहमी सगळ्यांच्या मागून, वाढप्यांबरोबर जेवतात. मी त्यांचं कोपर धरलं. म्हटलं, "सर, हिंगा बसा."

"मी मागून बसतो."

"नाही. यंदा तुम्हाला काय अडलंय ते मला ठाऊक आहे."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग हसले आणि आले. मी त्यांच्यासाठी खुर्ची आणि छोटं टेबल लावून घेतलं, गुडघ्यासाठी. शेजारी निखिलला बसवलं. का, ते सांगितलं नाही. वाढप्याला जाऊन म्हटलं, त्या टेबलावर रसम सगळ्यात शेवटी ने. मग मी माझ्या पानावर येऊन बसलो. ऐकू काही येत नव्हतं. सांबार झालं तरी दोघं गप्प. मला वाटलं, फसलं. मग निखिलनं काहीतरी विचारलं. राव सर गुडघ्यावर हात ठेवून बोलायला लागले. रसम गेलं, पायसम गेलं, ताक गेलं. पंगत उठली तरी ते दोघं बसलेले. वाढपी माझ्याकडे बघायला लागला, मी त्याला हातानं सांगितलं, राहू दे.

त्यांचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. गेल्या शनिवारी कळलं. निखिल माझ्या दुकानाचा जिना धापा टाकत चढून आला. घामाघूम, खिशात दोन पेनं.

"काका, खाली चला. सर कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसलेत. जिने मी चढायचे, माणसं मी खाली आणायची, असं ठरलंय." दम खाऊन म्हणाला, "पण आधी मला सांगा. यंदा काय अडलंय?"

मी त्याला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. मग त्याच्यामागून खाली गेलो.

राव सर, पंचाहत्तरी झाली, आता पुढं चला. नवे गुडघे मुरू देत, जिने निखिल बघेल. तुम्ही शंभरीपर्यंत ठणठणीत राहा आणि दरवर्षी त्या दाराशी उभे राहा. मी येईन. माझं कोपर धरा आणि पाहिजे तिथं बसवा. शेजारी कोण, ते मी विचारणार नाही.